तेरा जण, एक शनिवार आणि म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट: एकत्र बसण्याची व्यवस्था कशी करावी?

प्रश्न: न्यूर्नबर्गवासिनी

नमस्कार. यंदाचा ऑक्टोबरफेस्ट (म्युनिकमधला बिअरचा मोठा उत्सव) 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर 2026 या काळात भरणार आहे आणि त्याच सुमारास, गणपतीच्या निमित्ताने, आमच्याकडे भारतातून ज्येष्ठ मंडळी आलेली असतील. न्यूर्नबर्गमधली आम्ही चार जोडपी, माझे सासू-सासरे, एका मैत्रिणीची आई आणि दोन मुले (एक दहा वर्षांचा मुलगा आणि एक तीन वर्षांची मुलगी) असे मिळून तेरा जण होतो. सगळ्यांना सोयीचा म्हणून आम्ही 26 सप्टेंबरचा शनिवार मनात धरला आहे. सकाळी घरचे सगळे आवरून निघायचे, दुपारी एकच्या सुमारास मैदानावर पोहोचायचे, एखाद्या मोठ्या तंबूत एकत्र बसून जेवायचे आणि संध्याकाळी परतायचे, असा साधा बेत आहे.

अडचण बसण्याच्या जागेची आहे. दोन मोठ्या तंबूंच्या संकेतस्थळांवर पाहिले, तर त्या शनिवारची आरक्षणे केव्हाच संपली आहेत. दुसऱ्या एका संकेतस्थळावर मात्र त्याच दिवसाचे दहा जणांचे टेबल विक्रीला दिसते आहे आणि त्याची किंमत ऐकून सासऱ्यांनी दोनदा विचारले की ती युरोत आहे की रुपयांत. ते टेबल घ्यावे का? आरक्षणाशिवाय तेरा जणांना जागा मिळू शकते का? सासूबाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असल्याने त्यांना अर्ध्या तासापेक्षा जास्त उभे राहवत नाही, आमच्यातले पाच जण शाकाहारी आहेत आणि ज्येष्ठांपैकी कोणीही बिअर घेत नाही, हेही लक्षात घेऊन कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: इसारकाठ

नमस्कार ताई. मी गेली अनेक वर्षे म्युनिकमध्ये राहतो आणि दर वर्षी पाहुण्यांना घेऊन ‘वीझन’वर जातो. (थेरेझियनवीझे या मैदानावरून इथले लोक या उत्सवालाच वीझन म्हणतात.) तुमचा बेत प्रेमाने आखलेला आहे, पण त्यातला वार आणि वेळ या दोन्ही गोष्टी बदलाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यामागची कारणे सविस्तर सांगतो, म्हणजे घरी समजावणे सोपे जाईल.

तंबूत बिअर आणि जेवण बसलेल्या माणसालाच वाढले जाते. उभे राहणाऱ्यांसाठी वेगळा भाग असलेला हॉफब्रॉयचा तंबू सोडला, तर इतर मोठ्या तंबूंत जागा नाही म्हणजे काहीच नाही, असा सरळ हिशेब असतो. बाके पाठ टेकायला आधार नसलेली असतात आणि एका टेबलाला साधारण दहा जण, म्हणजे एका बाजूला पाच, असे खेटून बसतात. तेव्हा तुमचा विचार ‘तेरा माणसे’ असा न होता ‘दहाची टेबले’ असा व्हायला हवा. आरक्षणही बहुतेक ठिकाणी पूर्ण टेबलाचेच मिळते. जागेचे वेगळे पैसे नसतात, पण माणशी दोन मास (मास म्हणजे एक लिटरचा पेला) आणि अर्धी कोंबडी इतक्या किमतीची कूपने आधी विकत घ्यावी लागतात. 2025 साली एका मासची किंमत 14.50 ते 15.80 युरो होती, म्हणजे नुसत्या बिअरचेच माणशी तीस युरो झाले. तेरा जणांसाठी दोन टेबले घेतली, तर वीस जणांची कूपने तुमच्या गळ्यात पडणार, त्यातले सात जण आलेलेच नसणार आणि आलेल्यांपैकी तीन ज्येष्ठ व दोन मुले बिअर पिणार नाहीत. बऱ्याच तंबूंची कूपने नंतर त्याच चालकाच्या शहरातल्या उपाहारगृहात वापरता येतात, पण न्यूर्नबर्गहून त्यासाठी पुन्हा कोण येणार?

आता त्या महागड्या टेबलाविषयी. ते घेऊ नका. प्रत्येक तंबूचा चालक स्वतःच्या संकेतस्थळावरून आरक्षण देतो, सगळ्यांसाठी एकच मध्यवर्ती खिडकी नाही आणि आरक्षण त्रयस्थाने नफ्यासाठी विकणे चालकांच्या अटींत बसत नाही. दारावर कूपनांचे पाकीट दाखवूनही प्रवेश नाकारला गेला, तर दाद मागायला तुमच्याकडे काहीही नसते. ज्यांचे बेत फिसकटतात ते लोक टेबले परत करतात आणि अशी टेबले काही तंबूंच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर उन्हाळ्यात पुन्हा दिसू लागतात. मात्र ती बहुधा कामाच्या दिवशीची, दुपारच्या सत्राची असतात. शनिवार संध्याकाळची आशा धरू नये.

शनिवारचा हट्ट सोडा असे मी म्हणतो, कारण 26 सप्टेंबर हा मधला शनिवार आहे. मधल्या आठवड्याच्या अखेरीस आल्प्स ओलांडून इटलीहून इतके लोक येतात की इथे त्या दोन दिवसांना इटालियन वीकेंडच म्हणतात. 2025 साली याच मधल्या शनिवारी, 27 सप्टेंबरला, गर्दी धोक्याच्या पातळीला गेल्यामुळे नुसते तंबूच नव्हे, तर संपूर्ण मैदान काही काळ बंद करावे लागले होते. सर्वसाधारण शनिवारीही दुपारच्या आधीच एकेका तंबूच्या दारावर ‘भरला आहे’ अशी पाटी लागते. तुम्ही एक वाजता पोहोचाल तेव्हा सासूबाईंना दाराबाहेर उभे राहण्याव्यतिरिक्त काहीच करता येणार नाही. शिवाय शनिवारी मैदानावर बाबागाडी दिवसभर न्यायला बंदी असते. तीन वर्षांच्या मुलीला घेऊन तेवढी गर्दी कडेवर पार करणे सोपे नाही.

शक्य असेल तर मंगळवार, 22 सप्टेंबर, घ्या. कामाच्या दिवशी तंबू सकाळी दहाला उघडतात. शहराच्या नियमानुसार मोठ्या तंबूंना कामाच्या दिवशी किमान एक चतुर्थांश जागा आरक्षणाविना मोकळ्या ठेवाव्या लागतात. बऱ्याच तंबूंत त्या मधल्या पट्ट्यात असतात, तर कडेचे कठड्यांनी वेगळे केलेले भाग आरक्षणवाल्यांचे असतात. पण नव्या माणसाला सहसा माहीत नसलेली गोष्ट वेगळीच आहे. आरक्षित टेबलही त्याची वेळ होईपर्यंत कोणालाही बसायला मोकळे असते. मागच्या वर्षी एका मंगळवारी अकराच्या सुमारास मी आई-वडिलांना घेऊन शिरलो, तेव्हा टेबलांच्या फळ्या पुसल्यामुळे अजून ओलसर होत्या, वाद्यवृंदातले दोघेतिघे मंचावर वाद्ये जुळवत होते आणि समोरच्या टेबलावर दोऱ्याने बांधलेल्या कागदावर ‘16 वाजल्यापासून आरक्षित’ असे लिहिलेले होते. वाढणाऱ्या बाईंना विचारले, तर त्यांनी तो कागद बोटाने उलटा केला आणि म्हणाल्या, “चारपर्यंत तुमचेच.” आम्ही पावणेतीनला समाधानाने उठलो. त्या वेळात टेबलावर इतर कोणीही आले नाही.

तेव्हा सकाळी साडेअकराच्या आत या, शेजारशेजारची किंवा मधल्या वाटेपलीकडची समोरासमोर दोन टेबले पाहा आणि सात व सहा अशी विभागणी घरूनच ठरवून या. एकाच टेबलाचा आग्रह धरलात, तर शोधत फिरण्यातच वेळ जाईल.

उत्तर: मुक्काम श्टुटगार्ट

इसारकाठ यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि आमच्यावर ओढवलेला प्रसंग सांगतो, तो ऐकून तरी विभागणीचा मुद्दा मनावर घ्यावा.

2023 साली आम्ही अकरा जण शनिवारी दुपारी दीडला पोहोचलो. एका मोठ्या तंबूच्या बाजूच्या दारात रांग पुढे सरकत होती, आमच्यातले सहा जण आत गेले आणि त्याच क्षणी सुरक्षारक्षकाने हात आडवा घातला. तंबू भरला होता. आतल्यांकडे आमच्यापैकी दोघांचे पैसे आणि एका वहिनींचे औषध होते आणि बाहेर राहिलेल्यांत माझे काका होते, ज्यांना जर्मन तर नाहीच, पण इंग्रजीही फारसे येत नाही. फोन लागत नव्हते, कारण तेवढ्या गर्दीत संदेशही वीस-पंचवीस मिनिटांनी पोहोचत होते. आतले लोक जागा सोडून बाहेर यायला तयार होईनात, कारण एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत जाता येईल याची खात्री नव्हती. रक्षकाची चूक काहीच नव्हती, त्याच्या जागी मी असतो तरी मी तेच केले असते. शेवटी दोन तासांनी, पाऊस सुरू झाल्यावर, सगळे एकत्र झालो तेव्हा काकांच्या चेहऱ्यावरचा शिणवटा पाहून मला स्वतःचा फार राग आला.

त्या दिवसापासून मी काही गोष्टी काटेकोरपणे पाळतो. गटाचे दोन तुकडे करताना प्रत्येक तुकड्यात जर्मन बोलणारी एक व्यक्ती, रोख पैसे आणि ज्येष्ठांची औषधे आहेत की नाही ते आधी पाहतो, कारण वाढणाऱ्या बाई पेले टेबलावर ठेवतानाच पैसे घेतात आणि सगळीकडे कार्ड चालेलच असे गृहीत धरता येत नाही. दारात शिरताना ज्येष्ठ आणि मुले पुढे, धडधाकट मंडळी शेवटी, असा क्रम ठेवतो. चुकामूक झाली तर भेटायचे ठिकाण आणि वेळ फोनवर विसंबून न राहता कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात देतो. पुष्कळ जण बव्हेरियाच्या भव्य पुतळ्याखाली भेटू असे ठरवतात, पण त्या पुतळ्याजवळच्या उतारावर दुपारनंतर पिऊन आडवे झालेले लोक असतात आणि पायऱ्याही बऱ्याच आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे थांबायला सांगू नये. त्यापेक्षा शोटनहामेल तंबूच्या मागे असलेले सेवाकेंद्र सोयीचे आहे. पोलीस, प्रथमोपचार आणि हरवलेल्या मुलांची चौकी हे सगळे तिथेच आहे. धाकटीच्या मनगटावर तुमचा फोन क्रमांक लिहिलेली पट्टी नक्की बांधा.

सामानाचेही बघा. तीन लिटरपेक्षा मोठी किंवा 20 बाय 15 बाय 10 सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी मैदानात नेता येत नाही, पाठीवरची सॅक तर नाहीच. मुलीचे कपडे, थर्मास आणि सासूबाईंची शाल या एका मोठ्या पिशवीत भरून आणली, तर ती प्रवेशद्वाराजवळ पैसे देऊन ठेवावी लागेल आणि त्या रांगेत सकाळची सगळी आघाडी वाया जाईल.

उत्तर: रापण

जागेचा प्रश्न सुटेल, पण ती जागा कोणत्या तंबूत हवी, याचाही विचार करावा, कारण ज्येष्ठ मंडळींना तिथे चार तास बसायचे आहे.

ऑक्सनब्राटराय या तंबूत अख्खा बैल सळीवर फिरवून भाजतात आणि त्या दिवशीच्या बैलाचे नाव व वजन फळ्यावर लिहिलेले असते. तंबूची ती परंपरा आहे आणि तिथल्या लोकांना तिचा अभिमान आहे, पण तुमच्या सासू-सासऱ्यांना ते समोर पाहून जेवण जाईल का, हे तुम्हीच ठरवा. आमच्या आईला नसते गेले. ऑगस्टिनर तंबूचे वातावरण मला त्या मानाने घरगुती वाटते. तिथली बिअर अजूनही लाकडी पिंपांतून काढतात आणि दुपारी कुटुंबे बरीच दिसतात. मासे खाणारे कोणी असेल, तर फिशर-व्रोनीच्या बाहेर लांब काठ्यांवर ओळीने भाजत ठेवलेले बांगडे पाहायला जरूर घेऊन जा. मी मालवणचा आहे. निखाऱ्यांवर टपटपणाऱ्या तेलाचा तो वास आला आणि माझे वडील, जे सकाळपासून घरी कधी परतायचे असे विचारत होते, ते तिथेच थांबले. पाठीचा काटा एका ओढीत वेगळा करून त्यांनी आजूबाजूच्या जर्मनांना खायचे कसे ते दाखवले.

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. कैझेश्पेट्स्ले (चीज घालून वर तळलेला कांदा पेरलेल्या जाडसर शेवया), ब्रेत्से (गाठीच्या आकाराचा खारा पाव), ओबाट्स्डा नावाचे कांदा-पापरिका घातलेले चीजचे मिश्रण, चक्राकार कापलेला पांढरा मुळा, असे पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतात. पण सूप आणि सॉस यांत मांसाचे पाणी आहे का, ते प्रत्येक वेळी विचारा. बिअर न घेणाऱ्यांनी सफरचंदाचा रस घातलेला सोडा किंवा अल्कोहोलविरहित बिअर मागवली, तर कोणी वेगळ्या नजरेने पाहत नाही.

आवाजाची काळजी असेल, तर संध्याकाळी सहापर्यंत तंबूंत फक्त पारंपरिक वाद्यवृंद आणि तोही 85 डेसिबलच्या मर्यादेत वाजतो. हा नियम 2005 पासून आहे आणि ज्येष्ठांसाठी त्याचा फार उपयोग होतो. सहानंतर सगळे जण बाकांवर उभे राहून गाऊ लागतात. त्या वेळी बसून राहणाऱ्या माणसाला समोरच्याचे फक्त गुडघे दिसतात.

आणखी एक सुचवतो. मैदानाच्या दक्षिण टोकाला ‘ओइडे वीझन’, म्हणजे जुना वीझन, असा वेगळा कुंपणातला भाग असतो. मुख्य मैदानावर प्रवेश मोफत आहे, पण इथे गेल्या काही वर्षांत चार युरोंचे तिकीट होते. त्यामुळे रेटारेटी कमी असते, बिअर दगडी पेल्यांत देतात, मुलांसाठी जुने पाळणे व फिरते घोडे आहेत आणि मोकळ्या हवेत बसायला जागा सापडते. तुमच्या सासूबाई आणि मैत्रिणीच्या आई तिथे अधिक रमतील, असे मला मनापासून वाटते.

न्यूर्नबर्गवासिनी

तुम्हा तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री सगळ्यांना बसवून ही उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. काकांचा प्रसंग ऐकल्यावर शनिवारचा विषय सासूबाईंनीच बंद केला. आठपैकी सात जणांना 22 तारखेची रजा मिळते आहे. आठवा, म्हणजे माझा दीर, दुपारी दोननंतर येऊ शकेल. बायर्न-तिकीट (बव्हेरियातल्या प्रादेशिक गाड्यांचे दिवसभराचे तिकीट) कामाच्या दिवशी सकाळी नऊपासून चालते, त्यामुळे नऊनंतरची पहिली प्रादेशिक गाडी पकडून अकराच्या आसपास म्युनिकला उतरू, असे ठरते आहे. ज्येष्ठांना आणि मुलांना मात्र आयसीई या वेगवान गाडीने तासाभरात आणावे का, हा विचार चालू आहे.

दोन शंका उरल्या आहेत. चार जणांनी आधी जाऊन बाकीच्यांसाठी बाकांवर जाकिटे ठेवून जागा अडवली, तर चालते का? आणि दीर दोन वाजता आला, तर त्याला आत कसे घ्यावे?

इसारकाठ

ताई, जाकिटांनी जागा धरता येत नाही. पंधरा-वीस मिनिटे कोणी दुर्लक्ष करेल, पण त्यानंतर वाढणाऱ्या बाई स्वतः येऊन विचारतात, कारण त्यांची कमाई त्यांना नेमून दिलेल्या टेबलांवर किती पेले जातात यावर असते आणि रिकामे बाक म्हणजे त्यांचे थेट नुकसान. त्यापेक्षा उलट करा. ज्येष्ठ, मुले आणि दोन मोठी माणसे असे सात जण आयसीईने या आणि सव्वादहाला पूर्ण एका टेबलाएवढे होऊन बसा. बाई पहिल्यांदा येतील तेव्हाच काही पेये आणि ब्रेत्से मागवा, पहिल्या बिलाला मोकळ्या हाताने टिप द्या आणि पुढचे पाच जण साडेअकराला येत आहेत, शेजारचे टेबल चालेल का, असे त्यांनाच विचारा. त्या दिवशी तुमच्या जागेचा निर्णय व्यवहारात त्यांच्याच हाती असतो आणि बाराबारा पेले उचलून दिवसभर चालणाऱ्या त्या बाईंशी कोणी नीट बोलले, तर त्या आठवण ठेवतात. शेजारी आधीच कोणी बसलेले असेल, तर ‘इस्ट हीअर नोख फ्राय?’ (इथे जागा आहे का?) एवढे विचारा. इथे अनोळखी माणसांनी एका टेबलावर बसणे हीच रीत आहे, त्यात संकोच वाटू देऊ नका.

मैदानापर्यंत यायला थेरेझियनवीझे स्थानकाचा मोह टाळा. गर्दी वाढली की ते मध्येच बंद करतात. मुख्य स्थानकावरून पायी पंधरा-वीस मिनिटे लागतात, पण सासूबाईंसाठी यू-4 किंवा यू-5 या भुयारी रेल्वेने थेरेझियनवीझेच्या एक स्थानक पुढे श्वान्टालरह्योहेला उतरून मागच्या बाजूने येणे बरे पडेल.

दिरांबाबत: मंगळवारी दोन वाजता दारे बंद असण्याची शक्यता कमी आहे, पण पाऊस असेल तर बाहेरच्या बागेत बसलेले सगळे आत येतात आणि तंबू अचानक भरतो. त्यांनी म्युनिकला उतरल्यावर फोन करावा आणि तुमच्यापैकी कोणी उठून न जाता त्यांना तंबूचे नाव, दाराची बाजू आणि टेबलाचा क्रमांक कळवावा. क्रमांक टेबलाच्या कडेला किंवा वरच्या खांबावर लिहिलेला असतो. तरीही दार बंद झालेच, तर त्यांनी तंबूच्या बागेत थांबावे. तिथेही वाढतात आणि तुम्ही तीनच्या सुमारास उठणारच आहात. मग सगळे मिळून ओइडे वीझनकडे चालत जा. बाबागाडी संध्याकाळी सहापर्यंत चालते. बसल्याबसल्या तेवढा तो आरक्षणाचा कागद मात्र पहिल्यांदा वाचून घ्या. त्यावर 15 लिहिले आहे की 16, यावरच तुमच्या जेवणाची वेळ ठरणार आहे.